आधी चेहरा दाखवतात

१० नोव्हेंबर, सोमवार

पथ्य उठलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी आज सरळ सांगितलं, "सर, आता मनाला येईल ते खा." पावसाळ्यापासून बिनफोडणीचं मुगाचं वरण आणि मऊ भात. दिवाळीत घरभर चकलीचा वास आणि मी आपला वाटीत चमचा फिरवत बसलेलो. सुटलो एकदाचा.

मला बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी शरयूला आणि आमच्या देवेशला आत ठेवून घेतलं. बराच वेळ. काय खायला घालायचं ते समजावत असतील. ते बायकोलाच सांगावं लागतं, मला सांगून उपयोग काय, मला चहापलीकडे काही करता येत नाही. बाहेर आली तेव्हा शरयूचे डोळे लाल. म्हणाली, आत एसी फार होता. नोव्हेंबरात एसी लावतात म्हणजे कमालच आहे.

येताना गाडी देवेश चालवत होता. पातूरच्या पुढे मी हट्टानं गाडी थांबवून भजी घेतली. अर्धी प्लेटच गेली. जेवायची सवय मोडली आहे, येईल हळूहळू. मेहकरला पोचेपर्यंत पार गळून गेलो होतो. प्रवास सोसत नाही आता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज वाचनालयाच्या धम्मशीलाताई स्वतः घरी आल्या. निवृत्त झाल्यापासून मी यांच्या मागे लागलो होतो की रविवारचा हॉल द्या, मी पोरांना जुने भयपट दाखवतो, त्यात भीती कशी रचलेली असते ते समजावून सांगतो. दरवेळी कमिटीचं ठरलेलं उत्तर, वाचनालयात भुताखेताचे सिनेमे शोभत नाहीत. आणि आज त्या म्हणतात, "सर, रविवारी दुपारी हॉल तुमचाच. कमिटीले मी सांगतलं. तुमी घेऊनच टाका आता."

म्हटलं, एकदम काऊन मनावर घेतलं? तर म्हणाल्या, "असंच. चांगल्या कामाले उशीर कायले करायचा."

जन्मभर या गावात मराठीचं व्याकरण शिकवलं. ते कुणाच्या लक्षात नाही. पण मला खरं जे कळतं ते हे. शेवटी कदर झाली म्हणायची. शरयूनं न सांगता चहा आणला आणि ताईंना फाटकापर्यंत सोडायला गेली. दोघींची एवढी गट्टी कधी जमली कोण जाणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिला वर्ग झाला. हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला होता. पोरं बरीच जमली. कॉलेजातली करिष्मा सगळ्यात पुढे. ती मोबाइलवर रील बनवते आणि तिच्या मते भूत म्हणजे मेकअप.

एका जुन्या कृष्णधवल चित्रपटातला जिन्याचा प्रसंग लावला. बाई हातात दिवा घेऊन जिना चढते, बस. आधी आवाज बंद ठेवला. पोरं फिदीफिदी हसली, मागून कुणीतरी म्हणालं, बाईच्या घरची लाइन गेली वाटते. मग पडद्यावर चादर टाकली आणि त्याच प्रसंगाचा नुसता आवाज लावला. पायरीची करकर, लांब कुठंतरी कुत्रं, बाईचा श्वास, वरून सारंगी. मग सारंगी एकदम बंद. हॉल गप्प.

करिष्मा म्हणाली, "सर, दिसलं तर काहीच नाही. मंग भेव कायचं वाटून राह्यलं?"

म्हटलं, हेच तर. कान डोळ्याच्या आधी भितो. जुन्या लोकांकडे चांगलं भूत करायची साधनं नव्हती, म्हणून त्यांनी दार करकरवलं. आणि दार करकरण्यापेक्षा वाईट काय, तर चाललेला आवाज थांबणं. सारंगी वाजते आहे तोवर आपण निर्धास्त असतो.

खुर्चीत बसून बोललो. उभं राहवत नाही हल्ली. घरी आलो तर शरयू फोनवर होती, माझी चप्पल वाजली आणि तिनं बोलणं तोडलं. कोण होतं विचारलं तर म्हणे राँग नंबर. राँग नंबरशी इतक्या हळू आवाजात कोण बोलतं? पण वाद घालायचा कंटाळा आला, जाऊन पडलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाहुण्यांनी उच्छाद मांडला आहे. सकाळपासून कुणी ना कुणी. हातात बिस्किटांचे पुडे नाहीतर शहाळी. आल्या आल्या माझ्याकडे बघतात, मग जमिनीकडे, मग विचारतात, "काय खावंसं वाटते?" सगळ्यांचा एकच प्रश्न. मी काय डोहाळकरीण आहे? बोलणं टाकलेला चुलतभाऊसुद्धा आला आणि माझे पाय दाबत बसला. बांधावरून ज्या माणसानं मला भर रस्त्यात शिव्या घातल्या त्याला माझ्या पायांचा एवढा कळवळा. म्हातारपणी माणसं सुधारतात, असं समजायचं.

खाण्याची मात्र चंगळ आहे. काल वांग्याचं भरीत आणि ठेचा, परवा रोडगे. वडिलांचं पथ्य उठलं होतं तेव्हा आईनं असंच रोज काही ना काही केलं होतं, श्रीखंडसुद्धा. आम्ही पोरं खूश. मला दोन घासांवर जात नाही, पण शरयूचा उत्साह मोडवत नाही. पाट्यावरचा वास घेतला तरी समाधान होतं.

एक गोष्ट खटकते. शरयू मागच्या मोरीत जाते आणि नळ सोडून देते. धो धो. इथं आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि हिचं हे असं. आज बोललो, पाणी वाया घालवू नको. "बरं," म्हणाली, बाकी काही नाही. पूर्वी असं बोललो असतो तर मला दहा गोष्टी ऐकाव्या लागल्या असत्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कोडं सुटलं. देवेशची नोकरी गेली आहे.

किती दिवस मी विचार करतो आहे की पुण्याचा पोरगा इथं का येऊन बसला. म्हणे ऑफिसनं घरून काम दिलं. लॅपटॉप उघडा असतो आणि हा खिडकीतून बाहेर बघत असतो. शरयूची कुजबुज, लाल डोळे, आल्यागेल्याचा मऊ आवाज, सगळं जुळलं. बापाला धक्का नको म्हणून लपवून ठेवलं आहे.

संध्याकाळी त्याला जवळ बसवलं. म्हटलं, "हे बघ, जे झालं ते मला माहीत आहे. असं कुणाचंही होतं. त्यात तुझा काही दोष नाही. आपण निभावून नेऊ." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकवून हमसाहमशी रडला. शाळेत असताना पडला होता, त्यानंतर आजच. बरं वाटलं मला. पोराचं ओझं उतरलं असेल.

रात्री शरयूला म्हटलं, देवेशशी बोललो मी. तिच्या हातातलं भांडं पडलं. मी नोकरीचं सांगितलं तेव्हा तिनं "हो का" एवढंच म्हटलं आणि भांडं उचललं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुसरा वर्ग. आज रिकामी जागा.

कॅमेरा माणसाला मधोमध उभं करत नाही. मुद्दाम एका कडेला ठेवतो आणि त्याच्या मागे उघडं दार नाहीतर लांबलचक काळोखी ओसरी सोडून देतो. आपण माणसाकडे बघतच नाही, त्या जागेकडे बघत बसतो. आता येईल, आता येईल. दिग्दर्शक पक्का असेल तर काहीच येत नाही. आणि तो दृश्य तोडतही नाही, तसंच धरून ठेवतो. आज मी एका प्रसंगात बाईच्या मागच्या दारावर बोट ठेवलं तर करिष्मा म्हणाली, "सर, तिकडं नका पाहू देऊ, मी डोळेच झाकून घेते." शिकवण्याचं सार्थक झालं.

जेवताना मी म्हटलं, गच्ची फार तापते, येत्या उन्हाळ्यात पांढरा रंग मारून घेऊ. देवेश भाताशी खेळत बसला, शरयू उठून ताक आणायला गेली आणि ताक आधीच पानाशी होतं. खर्चाचा धसका घेतला असेल, नोकरी नाही ना. मीच विषय बदलला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पडून होतो. पाठ. पायजम्याची नाडी गुंडाळून गुंडाळून बांधावी लागते. पोट उतरलं, पथ्याचा एवढा तरी फायदा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सोनाळ्याहून रामराव आला. वडील तिथं मास्तर होते, तेव्हापासूनची आमची दोस्ती. गुडघे गेले म्हणून स्वतःच्या नातीच्या हळदीत उभा राहिला नाही, तो माणूस एसट्या बदलत संत्र्यांची पिशवी घेऊन इथवर आला. दारातच थांबला. म्हणाला, "लय वाळला रे भालू." म्हटलं, पथ्य होतं, आता उठलं. त्यानं संत्री खाली ठेवली आणि उगीच डोळे चोळत बसला. म्हणे एसटीत धूळ उडाली.

दिवसभर जुन्या गोष्टी. सोनाळ्यात पिकं निघाली की तंबूतला सिनेमा यायचा. भुताचं चित्र असलं की सगळं गाव जमिनीवर बसून पडद्यावरच्या बाईला ओरडून सांगायचं, "मांगं पाय वो बाई, मांगं पाय." ती काही मागे बघायची नाही. मी सगळ्यात जोरात ओरडायचो. घसा बसायचा.

"तुले खरंच वाटे का बे, का तिले ऐकू जाईन?" रामरावनं विचारलं.

म्हटलं, वाटायचं. ओरडल्याशिवाय राहवायचंच नाही.

त्यानं पिशवीतलं एक संत्रं उचललं, परत ठेवलं. मग म्हणाला, मी थांबतो थोडे दिवस, वावरात पोरगं आहे पाहाले. मी म्हटलं थांब ना. मला बोलायला कुणीतरी पाहिजेच होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आजचा विषय माझा सर्वात आवडता. प्रेक्षकाला माहीत आहे आणि पात्राला माहीत नाही.

पोरांना सांगितलं, समजा खाटेवर एक माणूस बसून मजेत जेवतो आहे. एकदम खाटेखालून साप निघाला, तर तुम्ही दचकाल आणि विसराल. पण आधी साप दाखवा, मग त्याला निवांत जेवू द्या. त्याला भाजी वाढा. त्याला हसू द्या, उद्याच्या गोष्टी करू द्या. आता त्याचा एक एक घास तुम्हाला जड होतो. दचकवणं सोपं आहे. हे ताणून धरणं अवघड आहे, आणि ज्यांना ते जमलं त्यांचे चित्रपट अजून टिकून आहेत.

नेहमी इथं पोरं कुजबुजतात. आज कुणी हललं नाही. करिष्मानं खाली बघून विचारलं, "सर, त्या माणसाले कोणी सांगत काऊन नाही?"

म्हटलं, सांगितलं तर चित्रपट संपला.

धम्मशीलाताईंनी एकदम दिवे लावले. प्रसंग अजून दाखवायचाच होता. मी चिडलो, तर म्हणाल्या, "सर, आज इतकंच. तुमी थकले असान." थकलो होतोच, खरं सांगायचं तर.

७ डिसेंबर, रविवार

लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो.

आज शेवटची युक्ती घेतली होती. भूत दाखवायच्या आधी ते बघणाऱ्याचा चेहरा दाखवतात. बाई आरशासमोर वेणी घालते आहे, वळते, तिचे डोळे मोठे होतात, हात थांबतो, आणि कॅमेरा तिच्यावरच राहतो. समोर काय आहे ते आपल्याला दाखवतच नाहीत. तिच्या चेहऱ्यावरून आपण ओळखायचं. आज शरयू, देवेश आणि रामरावही आले होते, मागच्या रांगेत.

प्रसंग मला पाठ आहे. म्हणून मी पडद्याकडे पाठ करून उभा राहिलो. अशा वेळी बघणाऱ्यांचे चेहरे बघावेत, पडद्याच्या उजेडात ते छान दिसतात. बोलता बोलता पाठीत कळ आली. बोलणं थांबलं, मी टेबल धरलं. क्षणभरच. मान वर केली तर एकही जण पडद्याकडे बघत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. करिष्माचे डोळे भरलेले. धम्मशीलाताई दिव्याच्या बटणाशी उभ्या. रामराव अर्धा उठलेला. शरयूनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

मी मागे वळून बघितलं. माझ्या मागे दुसरं काही नव्हतं. पडद्यावरच्या बाईचा चेहरा होता तेवढा, आणि तीही माझ्याकडेच बघत होती.

पथ्य का उठवतात ते मला तिथं, उभ्या उभ्या कळलं. श्रीखंडानंतर वडील संक्रांतसुद्धा बघू शकले नव्हते. हे मला माहीत होतं. आयुष्यभर माहीत होतं.

कळ गेल्यावर मी प्रसंग पूर्ण समजावून सांगितला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शरयूनं घरी येताना विचारलं, काय झालं होतं? म्हटलं, पायाला मुंग्या आल्या होत्या.

८ डिसेंबर, सोमवार

मला भीती वाटते. कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथं लिहितो. सगळं शिकवून झालं, करकर, काळोख, रिकामं दार, त्यातलं काही उपयोगाचं नाही. ही भर दुपारी उन्हात अंगणात बसल्यावरही वाटते.

देवेशची नोकरी शाबूत आहे. तो माझ्यासाठी आला आहे. आणि मी त्याला सांगितलं होतं की त्यात तुझा काही दोष नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

आता मी प्रेक्षक झालो. शरयूला माहीत नाही की मला माहीत आहे. ती माझ्यासमोर हसते, तुरीच्या शेंगा सोलते, उद्या पुरणाचं करू का विचारते, आणि मी बघत बसतो. हातावरची शीर उडताना दिसते. वेणी धड घातलेली नसते. तिचं जेवण माझ्यापेक्षा कमी झालं आहे. मग मागे मोरीत जाते आणि नळ सुटतो. त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज आहे, तो आज मला ऐकू आला. आणि मी तिला पाण्यासाठी बोललो होतो.

अंगणात रामराव संत्रं सोलून माझ्या हातावर फोडी ठेवत होता. मी सरळ विचारलं, "रामा, तुला केव्हा कळलं?"

तो थांबला. संत्रं हातातच. "वैनीचा फोन आल्ता. तू येऊन राय म्हणे त्याच्यापाशी, पण सांगू नको. शपथ घातली. मी दारात आलो, तू म्हणाला पथ्य उठलं, तवाच मले वरडावं वाटलं भालू. लय वाटलं."

त्याला रडू दिलं. मग त्यानं विचारलं, "वैनीले सांगतलं का तुले समजलं म्हणून?"

नाही म्हटलं. वाटतं, तिला हे नाटक लागत असेल. मला काही माहीत नाही, या एका आधारावर ती उभी असेल. तो काढून घेतला तर?

"आधार कायचा बे," रामराव म्हणाला. "ओझं एकटीच वाहून राह्यली थे."

१४ डिसेंबर, रविवार

वर्ग पुढे ढकलला. देवेश रामरावला घेऊन बाजारात गेला. मीच पाठवलं.

शरयू ओट्याशी होती. नेहमीसारखं विचारलं, "आज काय करू? सोलेभाजी करू? की भरीत?"

म्हटलं, "मुगाचं वरण आणि मऊ भात. फोडणी नको."

"काऊन? डॉक्टरांनी तर सगळं खायला सांगितलं आहे."

"माहीत आहे. म्हणूनच."

तिचा हात डब्यावर होता, तिथंच राहिला. मागे वळायला तिला फार वेळ लागला. मी वाट बघितली. वळली तेव्हा माझ्या चेहऱ्यावर तिनं काय वाचलं कोण जाणे, खालीच बसली, ओट्याला टेकून. मीही तिच्या शेजारी बसलो. मला खाली बसायला त्रास होतो, तिनं हात दिला.

"कोणी सांगितलं?"

"कुणीच नाही. तुमच्या सगळ्यांच्या तोंडांवर लिहिलं होतं, मला वाचायला उशीर झाला."

मग ती रडली. नळ न सोडता. मीही रडलो. तिनं सगळं सांगितलं, डॉक्टर आत काय म्हणाले ते, वाचनालयात ती स्वतः गेली होती ते, माझे वर्ग चालू असताना ती बाहेरच्या पायरीवर बसून असायची आणि संपायच्या आधी घर गाठायची ते. म्हणाली, तुम्ही आतून बोलायचे ना, तेवढा वेळ बरं वाटायचं.

नंतर उठून तिनं वरण-भात लावला. मीठ कमी पडलं होतं. एकाच ताटात दोघं जेवलो, तिनं बऱ्याच दिवसांनी पोटभर खाल्लं. मी पण नेहमीपेक्षा दोन घास जास्त.

ताट उचलता उचलता म्हणाली, गच्चीला पांढरा रंग चांगला दिसेल, पण उन्हाळ्याची वाट नको बघायला. उद्याच माणूस बोलावते. संक्रांतीच्या आत होऊन जाईल.